लहान मुलांना घेऊन मयताला गावी जायचं असेल आणि मधेच सुट्टीचा प्लॅनही असेल तर

गेल्या डिसेंबरात आमचं तारकर्लीचं तीन दिवसांचं बुकिंग झालेलं, मुलांच्या बॅगा भरून दारात ठेवलेल्या आणि निघायच्या आदल्या रात्री फोन आला की मालवणजवळच्या आमच्या गावातले अण्णा गेले. अण्णा म्हणजे माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ. मुलगी आठ वर्षांची, मुलगा साडेतीनचा. जायचं तर होतंच, पण मुलांचं काय करायचं ह्यावर रात्री बारापर्यंत घरात चर्चा चालली, कोणी म्हणे आईकडे ठेवा, कोणी म्हणे एवढ्या लहानांना प्रेत दाखवू नका. आम्ही नेलं, आणि परत वेळ आली तरी नेणार, म्हणून काय काय करावं लागतं ते लिहितेय.

निघायच्या आधीच मुलांना सांगा, आणि साध्या शब्दात सांगा. "अण्णा आजोबा वारले, म्हणजे त्यांचं शरीर बंद पडलं, आता श्वास नाही, भूक नाही, दुखणं पण नाही, ते परत येणार नाहीत." मी आधी धाकट्याला "झोपलेत" असं सांगून बसले आणि त्या रात्री तो गाडीत झोपायलाच तयार होईना, तेव्हा कळलं काय चूक झाली. "देवाघरी गेले" म्हटलं तर परत कधी येणार हा प्रश्न ठरलेला. साडेतीन वर्षांच्या मुलाला एकदा सांगून कळत नाही, तो दहा वेळा विचारतो, दहाही वेळा तेच उत्तर द्यायचं, न चिडता.

प्रवासाचं पटकन सांगते. ट्रेनने जाणार असाल तर तत्काळ बुकिंग आदल्या दिवशी एसीचं १० वाजता आणि स्लीपरचं ११ वाजता उघडतं, पाचच्या आतल्या मुलाला वेगळा बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही. आम्ही गाडीने गेलो, कोल्हापूर राधानगरी करत फोंडा घाटातून कणकवलीला उतरलो. घाटाच्या आधी मुलांना पोटभर खायला देऊ नका, पिशव्या हाताशी ठेवा. आणि ज्याचं माणूस गेलंय त्याला रात्रीची गाडी चालवायला देऊ नका, ड्रायव्हर करा नाहीतर मित्राला सोबत घ्या. बॅगा दोन करा, एक कार्याची (साधे फिकट सुती कपडे, मुलांचे पण) आणि दुसरी समुद्राची, ती डिकीतच राहू दे. कार्याच्या घरात फुगे आणि वाळूची बादली बाहेर निघाली की उगाच कानकोंडं व्हायला होतं. तापाचं औषध, ओआरएस, डासांचं क्रीम आणि बिस्किटं मात्र हाताशी, कारण त्या दिवशी घरात चूल पेटत नाही, शेजारचे पेज नाहीतर पिठलं-भात आणून देतात पण ते येईपर्यंत दुपार होते.

घरात पाऊल टाकायच्या आधी पाच मिनिटं गाडीतच थांबा आणि आत काय दिसणार ते सांगा. अण्णांना जमिनीवर ठेवलं असेल, नाकात कापूस असेल, तोंडात तुळशीचं पान असेल, काकी (अण्णांच्या बायको) मोठ्याने रडतील, रडू दे त्यांना, त्या आजारी नाहीत. एवढं सांगितलं की मुलं बिथरत नाहीत. पाया पडायची जबरदस्ती करू नका. आमच्या मुलीने स्वतःहून एक झेंडूचं फूल वाहिलं, धाकटा माझ्या पदरामागून बघत होता, तेवढं पुरे. स्मशानात मुलांना नेलं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मुलांसाठी एक माणूस नेमा, आणि ते माणूस आई किंवा वडील नको, कारण तुम्हाला कोणीतरी हाक मारणारच. आमच्याकडे कॉलेजात जाणारी भाची होती, तिला सांगून ठेवलं की तू फक्त ह्या दोघांचं बघ, भूक, शी-शू, झोप, आणि कोणी ओरडलं तर खळ्यात घेऊन जा. मुलं खेळणार, हसणार सुद्धा, त्यावरून कोणी बोललं तर वाईट वाटून घेऊ नका आणि मुलांना चापट तर अजिबात मारू नका.

दुसऱ्या दिवशी धाकटा पडवीतल्या अण्णांच्या आरामखुर्चीत जाऊन बसला, हातात त्यांचीच काठी. सगळे एकदम गप्प. मी उठवायला धावले तर काकी आतून म्हणाल्या, "बसांदे तेका." आणि त्यानंतर पहिल्यांदा दोन घास जेवल्या. मुलांना का न्यायचं ह्याचं माझ्याकडे एवढंच उत्तर आहे.

फिरण्याचं काय? रिसॉर्टला त्याच रात्री फोन करून खरं कारण सांगा, पैसे परत मागण्यापेक्षा तारीख पुढे ढकलून मागा, आमची ढकलून मिळाली. सुतकाच्या दहा दिवसांत हॉटेल, देऊळ काही नाही, पण संध्याकाळी मुलांना किनाऱ्यावर न्यायला काय हरकत आहे हे मी काकींनाच विचारलं. घरातल्या सगळ्यात जवळच्या माणसाला विचारायचं, भावकीत फिरत बसायचं नाही. त्या म्हणाल्या जा. दोनदा गेलो, तासभर, ओले पाय घेऊन परत. फोटो काढले पण स्टेटसला टाकले नाहीत, ते तुम्हीही टाळा, घरातल्या दुसऱ्या कोणाला ते बघवत नाही.

दहाव्याला मुलीला सोबत नेलं, मोठी आहे आणि तिला बघायचं होतं. पिंड ठेवला, कावळा काही शिवेना. अर्धा तास झाला, ऊन वाढलं, ती हळूच विचारते "अण्णा रागावलेत का?" मी म्हटलं नाही गं, त्यांचं काहीतरी मनात राहिलं असं मोठी माणसं मानतात. मग नवऱ्याने हात जोडून सांगितलं की काकींना आम्ही एकटं ठेवणार नाही, आणि थोड्या वेळात कावळा आला. असं काही बघायला न्यायचं तर पाण्याची बाटली आणि टोपी घ्या, किती वेळ लागेल सांगता येत नाही, आणि नाहीच आला तर दर्भाचा कावळा करतात हेही मुलांना आधी सांगून ठेवा म्हणजे घाबरत नाहीत.

तेराव्याचं गोड जेवण झालं की मग दोन दिवस पूर्ण मुलांचे. सिंधुदुर्ग किल्ला आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला, आत शिवराजेश्वराचं मंदिर आहे, सुतकात तिथे जाणं बरं वाटलं नसतं. मालवण जेट्टीवरून होडी मिळते, पावसाळ्यात बंद असते हे लक्षात ठेवा. चुन्यातला महाराजांच्या हाताचा ठसा बघून धाकट्याने विचारलं "हे पण वारले?" मी म्हटलं हो, खूप वर्षांपूर्वी, १६८० मध्ये. तो बरं म्हणून पुढे पळाला.

घरी परतल्यावर शाळेत टीचरना एक मेसेज टाका. आमचा धाकटा दोन-तीन आठवडे बाहुल्यांना आडवं झोपवून नाकात कापूस घालत होता, टीचरना माहीत होतं म्हणून शाळेत कोणी त्याला रागावलं नाही, आणि मग एके दिवशी आपोआप थांबलं.