आत्मिक दानं: माईक हातात घेण्याआधी या चुका टाळा

बुधवारची सभा संपली. सतरंजी झटकताना आमच्या मंडळीतल्या (म्हणजे चर्चमधल्या) एका मावशींनी हळूच विचारलं, "भाऊ, सगळ्यायले दान भेटलं, मले काहून नाही? माह्यं काही चुकते काय?" दान म्हणजे पवित्र आत्मा विश्वासणाऱ्याला मंडळीच्या सेवेसाठी देतो ती देणगी.

याच मावशी गल्लीतल्या आंधळ्या आजीला हाताला धरून सभेला आणतात. कोणाच्या घरी ताप आहे, कोणाची तूर सोंगायची राहिली, सगळी खबर त्यांच्याकडे. प्रेषित पौलानं बायबलमधल्या आपल्या पत्रात, १ करिंथ १२:२८ मध्ये, साहाय्य करणं आणि व्यवस्था पाहणं ही दानं रोग बरे करण्याच्या दानाच्या रांगेतच बसवलीत. पण ती माईकवर ऐकू येत नाहीत, म्हणून आपण मोजत नाही. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच.

दुसरी चूक अन्य भाषांची, म्हणजे प्रार्थनेत न शिकलेल्या भाषेत बोलण्याच्या दानाची. बऱ्याच पेंटेकॉस्टल (आत्मिक दानांवर भर देणाऱ्या) मंडळ्या त्यांना आत्म्याच्या बाप्तिस्म्याची, म्हणजे पवित्र आत्म्यानं भरल्याची, खूण मानतात, बाकीच्या मानत नाहीत. तो वाद मी सोडवू शकत नाही. पण नव्या पोराला मधे बसवून, चौघांनी डोक्यावर हात ठेवून, तोंडून काहीतरी निघेपर्यंत उठू द्यायचं नाही, हे कुठलं? आत्मा आपल्या इच्छेप्रमाणे वाटून देतो (१२:११). सभेत दोघं, फार तर तिघं, तेही एकामागून एक, आणि अर्थ सांगणारा नसेल तर गप्प, असा त्याच पत्राच्या चौदाव्या अध्यायाचा नियम आहे. आमच्याकडे पेटी-ढोलकीच्या गलक्यात तो वाचतो कोण!

रोगमुक्तीच्या दानाबाबत मात्र चूक जिवावर बेतते. मागे एका पावसाळ्यात शेजारच्या गावी पराटीत निंदताना एका बाईला साप चावला. घरच्यांनी आधी प्रार्थना करणाऱ्याला बोलावलं. त्याची वाट पाहण्यात अर्धा तास गेला. पायाची सूज पोटरीपर्यंत चढली, तेव्हा कुणीतरी १०८ ला फोन लावला. वाचली बिचारी. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्र-गंडेदोरे करणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. प्रार्थना गाडीत बसूनही करता येते.

"दवाखान्यात गेलं म्हणजे विश्वास कमी" असं म्हणणाऱ्यांना तीन नावं सांगा. आपला सोबती तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला पौलानंच सांगितलं. दुसरा सोबती त्रफिम आजारी होता, त्याला त्यानं मिलेत गावी मागे ठेवलं, आणि तिसरा सोबती लूक तर वैद्यच होता. वाशीम आणि उमरीचे मिशन दवाखाने प्रार्थना करणाऱ्या लोकांनीच उभे केले ना? याकोब ५:१४ प्रमाणे मंडळीच्या वडिलांना (जबाबदार ज्येष्ठांना) बोलवा, तेल लावू द्या, पण गोळी बंद करायला सांगू नका. बरं वाटलं तर डॉक्टरला दाखवून खात्री करा, मगच साक्ष द्या.

"देवानं मला दाखवलं, हे वावर विकू नका", "पोरीचं लग्न तिथंच करा" असं कोणी सांगितलं की लगेच मान डोलावू नका. १ करिंथ १४:२९ मध्ये संदेष्ट्यानं (देवाचा संदेश सांगणाऱ्यानं) बोलायचं आणि इतरांनी पारखायचं, असं दोघांचंही काम लिहिलंय. पारखलेलं ज्याला खपत नाही, त्याच्या हाती माईक कमीच द्यावा. आणि अभिषेकासाठी पाकीट मागितलं, तर 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा ८ वा अध्याय उघडून, आत्म्याचं दान पैशानं विकत घ्यायला निघालेल्या शोमरोनच्या शिमोनाची गोष्ट त्याच्यासमोर मोठ्यानं वाचा.

दान ओळखायचं कसं? बसल्या जागी कळत नाही. चार महिने कामाला लागा. कुठल्या कामानं मंडळीतल्या माणसांना आधार मिळतो ते पाळकांना आणि वडिलांना विचारा. आपल्यापेक्षा त्यांना लवकर दिसतं. २ तीमथ्य १:६ मधला शब्द विस्तव पुन्हा फुलवण्याचा आहे. म्हणजे राखेखाली निखारा आधीच असतो, फुंकर मात्र आपल्याला घालावी लागते.

पुढच्या बुधवारी आम्ही मावशींकडे वही दिली, आजाऱ्यांची यादी ठेवा म्हणून. त्यांनी ती तशीच परत केली. "यादी कायले? मले तोंडपाठ आहे सगळे."