‘रक्त कमी आहे’ एवढ्यावर थांबू नये : हिमोग्लोबिन आणि सिकलसेलची तपासणी गावात राहून कशी करून घ्यावी

सरकारी दवाखान्यात गेलेल्या बाईला ‘तुमचे रक्त कमी आहे’ असे सांगितले जाते, लाल गोळ्यांच्या पट्ट्या हातात दिल्या जातात आणि बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला; आधीच्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होते. इतक्या जणींना तेच वाक्य ऐकावे लागत असेल, तर ते ऐकल्यावर दोन प्रश्न विचारण्याची सवय प्रत्येकीने लावून घ्यावी : रक्त किती कमी आहे, आणि कशामुळे. पहिल्याचे उत्तर हिमोग्लोबिनच्या, म्हणजे रक्तातील प्राणवायू वाहून नेणाऱ्या घटकाच्या, एका आकड्यात मिळते. दुसऱ्याचे उत्तर शोधताना विदर्भात, विशेषतः गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा आणि नागपूर या जिल्ह्यांत, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक दोषाचा विचार टाळून चालत नाही.

आकडा मिळवण्यासाठी तालुक्याला जाण्याची गरज नाही. गावातील उपकेंद्रात, ज्याच्या पाटीवर आता ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ असे लिहिलेले असते, बोटाच्या टोकातून थेंबभर रक्त घेऊन हिमोग्लोबिन तपासले जाते. अंगणवाडीत दरमहा भरणाऱ्या ग्राम आरोग्य व पोषण दिवशीही नर्सबाई हे काम करतात. त्या दिवसाची तारीख आशाताईंना आधीच माहीत असते, ती विचारून ठेवावी. कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडवून दवाखान्यात जाणे बहुतेकींना परवडत नाही, त्यामुळे सोयाबीनची काढणी सुरू होण्यापूर्वीच तपासणी उरकून घेणे सोयीचे ठरते. बोट दाबून दाबून काढलेल्या रक्तात पेशीबाहेरचे पाणी मिसळते आणि आकडा चुकतो. म्हणून हात गार असल्यास आधी चोळून घ्यावा आणि पहिला थेंब पुसून पुढचा घेण्यास सांगावे. असे सांगण्यात उद्धटपणा काहीच नाही.

गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली आणि गरोदर स्त्रीचे ११ ग्रॅमच्या खाली असल्यास रक्तक्षय समजतात. गरोदरपणात ते ७ च्या खाली गेले असेल, तर केवळ गोळ्यांवर वाट पाहत बसू नये. अशा वेळी शिरेतून लोह द्यावे लागते, प्रसंगी रक्त चढवावे लागते, आणि शेवटचे तीन महिने सुरू असतील तर लगेच रुग्णालयात भरती व्हावे लागते. तोंडी सांगितलेला आकडा पुढच्या तपासणीपर्यंत कोणाच्या लक्षात राहत नाही. तो तारखेसह माता व बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्यावा, आणि कार्ड नसणाऱ्यांनी साध्या वहीत लिहवून घेतला तरी चालतो.

ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमानुसार गरोदर स्त्रीला चौथ्या महिन्यापासून रोज एक लोह-फॉलिक ॲसिडची गोळी १८० दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस घ्यायची असते. रक्तक्षय ठरल्यास डॉक्टर हे प्रमाण वाढवतात. गोळी जेवणानंतर लगेच चहासोबत घेतली, तर तिचा बराचसा उपयोग वाया जातो, कारण चहा लोह शोषू देत नाही. कॅल्शियमची गोळीही तिच्याबरोबर घेऊ नये, दोन्हींत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. शौचाचा रंग काळा होतो, त्याने घाबरू नये. मळमळ होत असेल तर रात्री जेवणानंतर गोळी घ्यावी आणि सोबत लिंबू किंवा आवळा खावा. अंबाडी, शेवगा, चवळी, तीळ हे पदार्थ जेवणात असावेतच, मात्र हिमोग्लोबिन ८ वर आलेल्या बाईला ‘पालेभाजी खा’ एवढाच सल्ला देऊन घरी पाठवणे म्हणजे तिची बोळवण करणे होय. नियमित गोळ्या घेऊनही महिन्याभरात आकडा किमान एक ग्रॅमने वाढला नाही, तर वरच्या दवाखान्यात पाठवण्याची चिठ्ठी मागावी. दुसरा प्रश्न, म्हणजे ‘कशामुळे’ हा, इथेच निर्णायक होतो : पाळीत जास्त रक्त जाते का, पोटात जंत आहेत का, की सिकलसेल आहे?

सिकलसेल हा रक्तातील आनुवंशिक दोष आहे. तो संसर्गाने पसरत नाही आणि औषधाने मुळापासून जातही नाही. आदिवासी समाजात तो अधिक आढळतो हे खरे असले, तरी अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गातील कुटुंबांतही तो आहे. ‘आमच्यात नसते’ असे म्हणून तपासणी टाळणे सर्वांत महागात पडते. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहीम सुरू झाली आणि तीत शून्य ते चाळीस वर्षे वयाच्या व्यक्तींची तपासणी अपेक्षित आहे, म्हणून गावात शिबिर लागल्याचे कळताच घरातील सगळ्यांनी जावे.

तपासणी दोन टप्प्यांत होते, आणि घोटाळा नेमका या दोहोंच्या मध्ये होतो. पहिल्या, म्हणजे सोल्युबिलिटी चाचणीत दोष आहे एवढेच कळते. बाई वाहक (दोष एकाच पालकाकडून आलेली) आहे की रुग्ण (दोघांकडून आलेली), हे त्यातून ठरत नाही. ते ठरवण्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही दुसरी चाचणी करावी लागते आणि तिचा अहवाल येण्यास दिवस लागतात. नमुना कोणत्या तारखेला गेला, अहवाल कुठे येणार आणि कोणाकडे विचारायचे, हे त्याच दिवशी लिहून घ्यावे. मागील तीन महिन्यांत रक्त चढवले असेल, तर तेही आधीच सांगावे, कारण चढवलेल्या रक्तामुळे अहवाल चुकू शकतो. अहवालावर ‘एएस’ लिहिलेले असल्यास ती व्यक्ती वाहक असते, ‘एसएस’ असल्यास रुग्ण.

वाहक असणे हा आजार नव्हे. वाहक स्त्री शेतातले सगळे काम करू शकते, लग्न करू शकते, तिला मुलेही होतात. अडचण तेव्हाच येते जेव्हा नवरा-बायको दोघेही वाहक असतात : अशा जोडप्याच्या प्रत्येक गर्भारपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण निर्दोष असण्याची २५ टक्के असते. पहिले मूल निरोगी निघाले म्हणून दुसऱ्याची शक्यता कमी होत नाही. सोयरीक जुळवताना मुलीचे सिकलसेल तपासणीचे कार्ड लपवले जाते आणि मुलाकडे ते मागण्याचे धाडस कोणी करत नाही, हा प्रकार बंद व्हायला हवा. तपासणी दोघांची झाली तरच तिला अर्थ आहे. लग्न झालेले असेल, तर गर्भ राहताच, बारा आठवड्यांच्या आत नोंदणी करावी, कारण बाळाची गर्भातली तपासणी आणि त्याविषयीचा सल्ला यांसाठी वेळ फार थोडा असतो.

ज्या स्त्रीचा अहवाल ‘एसएस’ आहे, तिने लोहाच्या गोळ्या स्वतःहून सुरू करू नयेत. वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णाच्या शरीरात लोह आधीच साठलेले असू शकते. फॉलिक ॲसिड मात्र तिला नियमित लागते. सिकलसेलसाठी दिले जाणारे हायड्रॉक्सियुरिया हे औषध सुरू असेल, तर मूल हवे असल्याचे डॉक्टरांना आधीच सांगावे, कारण गरोदरपणात ते सहसा बंद ठेवतात. तिचे बाळंतपण जोखमीचे मानले जाते, म्हणून ते गावात किंवा उपकेंद्रात करण्याचा विचारही करू नये. मोठ्या रुग्णालयांपैकी अमरावतीकडच्या बायकांना डफरीन, अकोल्याकडच्यांना लेडी हार्डिंग, नागपूरकडच्यांना डागा, मेडिकल किंवा मेयो, वर्ध्याकडच्यांना सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय ठाऊक असते. यांपैकी कुठे जायचे हे सातव्या महिन्यापर्यंत ठरवून तिथे एकदा तपासणी करून यावी. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर स्त्रियांना डॉक्टर तपासतात, जोखमीची नोंद कार्डावर करून घेण्यासाठी तो दिवस योग्य आहे.

पैशांची धास्ती घेऊन जाणे लांबवू नये. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर, तपासण्या आणि उपचार मोफत आहेत, तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात गरोदर स्त्रीला औषधे, रक्त, भरती असतानाचे जेवण आणि वाहन यांचा खर्च करावा लागत नाही. वाहनासाठी १०२, तातडीच्या वेळी १०८ आणि माहितीसाठी किंवा तक्रारीसाठी १०४ हे क्रमांक आहेत.

सिकलसेलच्या रुग्णाला हातपाय, छाती किंवा पोटात असह्य वेदना, ताप, धाप लागणे किंवा डोळे अचानक अधिक पिवळे पडणे यांपैकी काहीही झाल्यास सकाळची वाट न पाहता १०८ बोलवावी, आणि गाडीत बसताना अहवालाची झेरॉक्स सोबत घ्यावी, म्हणजे रात्रपाळीच्या डॉक्टरांना पुन्हा पहिल्यापासून विचारत बसावे लागणार नाही.