सीमा तापली असताना अमृतसरला टोमॅटोची गाडी कशी लावावी

नाशिक जिल्ह्यातल्या पिंपळगाव बसवंतला माल भरणाऱ्या नव्या पोरांना मी आधी हेच विचारतो: अमृतसरला भाव चढलाय हे खरं, पण तिथं तो माल खाणार कोण?

एके काळी आपला टोमॅटो अमृतसरजवळच्या अटारी सीमेवरून थेट लाहोरला जायचा. २०१२ मध्ये अटारीला मोठी चेकपोस्ट झाली, तिच्या भरवशावर गोदामं, ढाबे, ट्रकवाले, हमाल सगळे उभे राहिले. पुलवामानंतर २०१९ मध्ये आपण पाकिस्तानी मालावर २०० टक्के शुल्क लावलं, ऑगस्टमध्ये त्यांनी व्यापारच थांबवला. उरलंसुरलं एप्रिल २०२५ मध्ये पहलगामनंतर बंद झालं. लढाई ७ ते १० मे, चारच दिवस. हमालांची मजुरी मात्र २०१९ पासूनच बुडालेली.

म्हणून अमृतसरची ऑर्डर तिथल्या खपापुरतीच धरा. बाकीच्या कॅरेटसाठी जालंधर, लुधियानाचा आडत्या आधीच बोलून ठेवा. दोन्ही गावं वाटेवरच आहेत. अमृतसरच्या वल्ला भाजी मंडीच्या आडत्याला फोनवर दोनच गोष्टी विचारा: रात्री दिवे असतात का, आणि हमाल आहेत का? मे २०२५ मध्ये तिथं ब्लॅकआउट होता. अंधारात गाडी कोण उतरवणार? आपला हंगाम ऑगस्टनंतरचा, म्हणून आपण वाचलो.

उधारी देऊ नका. तिथल्या कित्येक शेतकऱ्यांची जमीन सीमेवरच्या तारेच्या कुंपणापलीकडे आहे. बीएसएफच्या फाटकातून ठरलेल्या वेळेतच जायचं, उंच वाढणारं पीक घ्यायचं नाही. तणाव वाढला की फाटक बंद, पीक उभंच. शेतकऱ्याकडं पैसा नसला की मंडीत कुणाकडंच नसतो, आणि त्याची झळ शेवटी तुमच्या बिलाला लागते. निम्मे पैसे आगाऊ घ्या.

विमा नीट वाचा. दंगल, संपाचं कलम जादा हप्ता भरून मिळतं. युद्धाचा धोका मात्र माल जमिनीवर असेपर्यंत पॉलिसीत येत नाही, एजंट काहीही म्हणो.

ड्रायव्हरला दोन दिवसांचा जादा भत्ता रोख द्या. लष्कराचा ताफा आला की गाडी बाजूला घेऊन थांबावंच लागतं. आणि त्या ताफ्याचा व्हिडिओ काढायचा नाही, हे निघतानाच बजावा. नाशिकजवळ देवळालीला लष्कराच्या तोफखान्याशेजारी वाढलेल्यांना हे सांगावं लागत नाही, पण हल्लीची पोरं स्टिअरिंगवरूनही रील काढतात.