फ्लॉवरहॉर्न पाळताय? या चुका टाळा, खासकरून नागपुरात

आमचा पहिला फ्लॉवरहॉर्न सोळाव्या दिवशी मेला. शेजारच्या काकू म्हणाल्या, जाऊ दे बाई, घरावरचं संकट होतं ते स्वतःवर घेऊन गेला. काकूंनी मायेनंच म्हटलं होतं आणि मी खूप रडली होती त्यामुळे त्या वेळी ऐकून बरंही वाटलं, पण नंतर टेस्ट किट आणून त्याच टँकचं पाणी तपासलं तेव्हा अमोनियाचा रंग गर्द हिरवा आला, म्हणजे पाण्यात माशासाठी विषच होतं. संकटबिंकट काही नव्हतं, त्याला आम्ही मारलं होतं. हे लिहायचं कारण एवढंच की नागपुरात कितीतरी घरांत हा मासा वास्तूसाठी, लक साठी आणतात, आणि मेला की हेच वाक्य म्हणून दुसरा आणतात, मग तोही मरतो, आणि पहिला काऊन मेला हे कोणी पाहतच नाही.

आता दुसरा आहे, शेरू, चौथं वर्ष चालू आहे. त्याच्याकडून जे शिकली ते सांगते.

आधी हा मासा काय आहे ते समजून घ्या. फ्लॉवरहॉर्न कोणत्याच नदीत सापडणारी मूळ जात नाही, १९९० च्या दशकात मलेशियात मध्य अमेरिकेतल्या सिक्लिड माशांचे संकर करून तो तयार झाला. ते सिक्लिड तळाशी खड्डा करतात, जागा धरतात, तिथं कोणी आलं की तुटून पडतात. तेच रक्त याच्यात आहे. त्यामुळे तो काचेवर धडका देतो, दगड उचलून फेकतो, हाताला चावतो, तेव्हा तो रागीट नाही की बिघडलेला नाही, तो आपलं घर राखून राहिला आहे. पुढच्या बहुतेक चुका या एका गोष्टीत येतात, की आपण त्याचं घर लहान देतो नाहीतर सारखं उचकटतो.

टँक लहान घेणे

दुकानात तो तीन-चार इंचांचा असतो, गोड दिसतो, आणि दुकानवाला भाऊ म्हणतो ताई दोन फुटी चालतो. नाही चालत. हा मासा दहा-बारा इंच होतो. इंचात लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची करा आणि ६१ ने भागा, लिटर निघतात. दोन फूट बाय एक बाय एक म्हणजे जेमतेम ५६ लिटर, आणि त्यात वाळू-दगड टाकले की अजून कमी. तीन फूट बाय दीड बाय दीड केला तर १९० च्या आसपास, एका माशाला हे कमीत कमी धरा, चार फुटी जमला तर सोनंच. जागा नसेल तर फ्लॉवरहॉर्न घेऊ नका, फायटर मासा घ्या, त्याला वीस लिटर आणि झाकण दिलं तर छान जगतो (तोही एकटाच ठेवायचा हे लक्षात ठेवा).

त्याच दिवशी टँक, त्याच दिवशी मासा

आम्ही हेच केलं होतं. संध्याकाळी बर्डीच्या बाजारातून टँक, फिल्टर, दगड आणि मासा सगळं एकाच ऑटोत आणलं. मासा जे टाकतो त्याचा अमोनिया होतो, आणि तो खाणारे बॅक्टेरिया फिल्टरमध्ये तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. ते आधी अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारीच, मग नायट्रेट, जे आपण पाणी बदलून काढतो. नव्या टँकमध्ये यातलं काहीच नसतं. त्यात नागपुरातल्या भरपूर बोअरचं पाणी जड आहे, आमच्याकडं पीएच ८ च्या जवळ येतो. जड पाणी या माशाला आवडतं, ते चांगलंच, पण पीएच ७ चा ८ झाला की अमोनियातला जो विषारी भाग असतो तो साधारण दहापट होतो, आणि पाणी गरम असेल तर अजून वाढतो. म्हणजे आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये नवा टँक लावून लगेच मासा सोडणं सगळ्यात वाईट. ज्यांच्याकडं जुना निरोगी टँक आहे त्यांच्या फिल्टरचा स्पंजचा तुकडा मागून आणा, तो आपल्या फिल्टरमध्ये ठेवा, अर्धं काम होते. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य दिसलं की मग मासा.

सगळं काढून घासून धुणे

रविवारी सकाळी मासा बादलीत, पूर्ण पाणी मोरीत, दगड घासले, फिल्टर नळाखाली धरला, आणि टँक कसा चकाचक दिसून राहिला म्हणून फोटो काढला. मी पण काढला होता. नळाच्या क्लोरीननं फिल्टरमधले बॅक्टेरिया मेले, म्हणजे टँक परत पहिल्या दिवसाचा झाला, आणि वरून माशाच्या दृष्टीनं त्याचा अख्खा इलाका एका सकाळीत गायब. मग तो कोपऱ्यात काळा पडून बसतो नाहीतर काचेला धडकत राहतो, आणि आपण म्हणतो याला नजर लागली. आठवड्याला पंचवीस-तीस टक्के पाणी बदला, तळाची घाण पाइपनं ओढून घ्या, स्पंज टँकमधूनच काढलेल्या पाण्यात दाबून धुवा, बस. सजावट जिथं आहे तिथं राहू द्या. तो स्वतः हलवेल, त्याला हलवू द्या.

नळाचं पाणी घेत असाल, आपलं पेंच-कन्हानचं, तर त्यात क्लोरीन असतेच. चोवीस तास उघड्या बादलीत ठेवा नाहीतर अँटीक्लोरीन टाका. आणि घरात आरओ आहे म्हणून शुद्ध पाणी टाकते असं करू नका, त्यात खनिजं जवळपास नसतात, त्यामुळे पीएच धरून राहत नाही आणि एकदम कोसळतो. २०१९ च्या जुलैत पाणीकपात लागली होती तेव्हा आम्ही दोन ड्रम भरून ठेवायचो. तेव्हा मासा नव्हता, पण ती सवय राहिली आणि आता शेरूच्या कामी येते.

एकटा बिचारा कंटाळतो म्हणून जोडीदार

माझ्या सासूबाईंना फार वाटायचं. कोणी सांगते ऑस्कर मासा टाक, कोणी म्हणते सकर मासा टाक, काच साफ ठेवते. रात्रीतून सकरचे डोळे गेलेले लोकांनी पाहिले आहेत. फ्लॉवरहॉर्नला एकटेपणा छळत नाही, दुसरा मासा छळतो, आणि त्या दुसऱ्याला पळायला चार भिंतींबाहेर जागाच नसते. ब्रीडिंग करायचं असेल तर मध्ये जाळीचं किंवा काचेचं पार्टिशन टाकून दोघांना आठवडे-आठवडे एकमेकांना पाहू द्यावं लागते, आणि तरीसुद्धा नर मादीला मारू शकतो. हौस म्हणून करू नका.

यातच आरशाचं येते. डोक्यावरचा कोक, म्हणजे तो गोल उंचवटा, फुगावा म्हणून लोक दिवसभर आरसा लावून ठेवतात. कोक मुख्यतः आईबापाकडून येतो, मग खाणं आणि पाणी. आरसा दिवसाला पाच मिनिटं दाखवला तर त्याचा व्यायाम होते, तासभर दाखवला तर ते भांडण आहे जे तो कधीच जिंकू शकत नाही. आणि आरसा नसला तरी खोलीत अंधार आणि टँकचा लाइट चालू असेल तर काचेत त्याला स्वतःच दिसतो, रात्रभर लढतो, ओठ फाटतात. तुमच्या माशाचा ओठ पांढरा किंवा सोललेला दिसत असेल तर औषध आणायच्या आधी रात्री खोलीतून टँककडं पाहा. बाजूच्या काचांना बाहेरून काळा कागद लावला आणि टँकचा लाइट आपल्यासोबतच बंद केला की बरेचदा आपोआप भरून येते.

उन्हाळा

हे जरा जास्त लिहिते कारण पुण्या-मुंबईचे लोक जे सांगतात ते आपल्याकडं पुरत नाही. आम्ही मानेवाड्याला वरच्या मजल्यावर राहतो, वर सरळ स्लॅब. मे मध्ये पारा ४५ च्या वर गेला की दुपारी खोली ३८-३९ ला असते आणि टँक ३४ च्या पुढं. या माशाला २६ ते ३० बरं वाटते. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावते, २५ डिग्रीला लिटरमागे साधारण ८ मिलिग्रॅम, ३५ ला ७ च्या आसपास, आणि नेमकं तेव्हाच माशाची गरज वाढलेली असते. तो वर येऊन तोंड उघडबंद करून राहिला, गिल (कल्ले) जोरात चालून राहिले, तर आधी एअर पंप वाढवा, मग बाकीचं पाहा.

बर्फाचे तुकडे टाकू नका, एका तासात चार-पाच डिग्री उतरलं की तो आजारीच पडेल. बर्फाची बंद बाटली सोडा असं सगळे सांगतात, पण शेरूनं त्या बाटलीला शत्रू समजून एवढ्या धडका दिल्या की खवले निघाले. टेबल फॅन घेऊन पाण्याच्या पृष्ठभागावर वारा सोडा, झाकणाच्या जागी जाळी ठेवा कारण हा उडी मारतो, आणि पाणी बाष्प होऊन दोन-तीन डिग्री उतरते. पाणी रोज कमी होईल, तेवढं भरत राहा. कूलर असलेल्या खोलीत टँक ठेवला तर अजून सोपं.

पाणी बदलायचं ते पहाटे. दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी सोडलं तर हात भाजते, माशाचं काय होईल. उन्हाळ्यात खाणं अर्धं करा, कमी खाल्लं तर कमी घाण. आणि लाइट गेली की एअर पंप बंद पडतो, म्हणून बॅटरीवर चालणारा पंप घरात ठेवाच किंवा तेवढं एक पॉइंट इन्व्हर्टरवर घ्या. बंद डब्याचा फिल्टर असेल आणि लाइट चार-पाच तास गेली असेल तर परत चालू करायच्या आधी आतलं पाणी फेका, ते सडलेलं असते.

कूलर आले की मच्छर आले. मच्छर मारायचा स्प्रे माशासाठी जहर आहे, अगदी थोडा सुद्धा, आणि एअर पंप तो खोलीतून ओढून सरळ पाण्यात सोडतो. टँकच्या खोलीत स्प्रे मारूच नका. मोहल्ल्यात फॉगिंगची गाडी आली की खिडक्या बंद, टँकवर ओली चादर, पंप पंधरा-वीस मिनिटं बंद.

थंडीचं उलट. २०१८ च्या डिसेंबरात आपल्या नागपूरचा पारा ३.५ पर्यंत उतरला होता. हीटर लागतोच, आणि त्याला प्लास्टिकचं गार्ड लावा, हा मासा काचेचा हीटर धडकून फोडू शकतो आणि मग पाण्यात करंट. हात घालायच्या आधी हीटर बंद करायची सवय घरातल्या सगळ्यांनाच लावा.

आता त्रास काय ते ओळखायचं कसं. दोन-तीन दिवस खाल्लं नाही, बाकी रंग चांगला, फिरतो, तर घाबरू नका, काहीतरी बदललं असेल, नवा पडदा, जागा बदललेला सोफा सुद्धा पुरते. खात नाही आणि शी पांढरी दोऱ्यासारखी लोंबते, डोक्यावर सुईनं टोचल्यासारखे खड्डे दिसतात, तर तो होल इन द हेड, आतले परजीवी आणि खराब पाणी दोन्ही मिळून होते. त्यावर मेट्रोनिडाझोल देतात, पण डोस माशांचं समजणाऱ्या डॉक्टरला विचारून, आणि पाणी सुधारल्याशिवाय औषध टिकत नाही. अंगावर मिठासारखे दाणे म्हणजे व्हाइट स्पॉट, तापमान हळूहळू ३० ला न्या, एअर पंप वाढवा, जाडं मीठ आधी विरघळवून थोडं थोडं टाका.

खाण्यात जिवंत छोटे मासे देऊ नका, दुकानातल्या त्या माशांसोबतच अर्धे रोग घरात येतात. चिकन-मटणही नाही, ती चरबी त्याला पचत नाही. माशांच्या खाण्याचे चांगले दाणे (पेलेट), दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच.

आणि सांभाळणं होत नसेल तर फुटाळा, अंबाझरी तलावात सोडून येऊ नका. तो तिथं मरेल, किंवा जगला तर तिथल्या माशांची अंडी-पिल्लं खाऊन टाकेल. दुकानात परत विचारा, बरेच लोक घेतात. शहरातल्या मासे पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर साइज आणि फोटो टाका, मोठा टँक रिकामा असलेला कोणी ना कोणी निघतोच, आणि देताना त्याला सांगा की हा काय खातो, कोणत्या कोपऱ्यात झोपतो आणि कोणता दगड त्याचा आहे, तो दगड सोबत द्या.