कॉलेज फुटबॉलचा बचाव आखताय? या चुका टाळा

अमेरिकेत ऑगस्ट लागला की कॉलेज फुटबॉलचे (सॉकर नव्हे, अमेरिकन फुटबॉलचे) सराव सुरू होतात. लहान कॉलेजांतले उत्साही असिस्टंट कोच फळ्यावर सगळ्यात आधी आकडे लिहितात: ३-४, ४-३, ४-२-५, ३-३-५. मग त्या आकड्यांत पोरांची नावं बसवली जातात. बरीच वर्षं मी इथल्या एका छोट्या कॉलेजच्या बचाव विभागासाठी सामन्यांची फिल्म कापतो, नोंदी ठेवतो, आणि हाच उलटा क्रम पुन्हा पुन्हा पाहतो. रचना चुकली तर मार खातो तो एकोणीस वर्षांचा मुलगा, ज्याला त्याच्या अंगकाठीला न झेपणारं काम दिलेलं असतं. म्हणून हे एकदा सविस्तर लिहितोय.

खेळ नव्याने पाहू लागलेल्यांसाठी थोडक्यात: पहिला आकडा पुढच्या फळीतल्या लाइनमनचा, दुसरा त्यांच्यामागच्या लाइनबॅकरचा, तिसरा मागे राहणाऱ्या कॉर्नरबॅक आणि सेफ्टी यांचा. ३-४ आणि ४-३ मध्ये मागचे चार गृहीत धरलेले असतात. बेरीज अकराच. पण नुसत्या आकड्यांवरून बचाव कळत नाही. लाइनमनने एक गॅप (समोरच्या दोन ब्लॉकरमधली फट) सांभाळायची की दोन, मागच्यांनी माणूस धरायचा की जागा, हे ठरल्यावर बचाव उभा राहतो. आणि ते ठरवायचं हाताशी असलेल्या मुलांवरून. कबड्डीत कोपऱ्यात घोटा धरणारा भरवशाचा गडी नसेल तर जाणता मार्गदर्शक साखळीवर भर देतो, इथेही तसंच.

चूक पहिली: नोझ टॅकल (फळीच्या मधोमध उभा राहणारा भारी लाइनमन) नसताना दोन गॅपची ३-४

ही चूक मला सगळ्यात जास्त खुपते, म्हणून तिच्यावर जरा जास्त लिहिणार आहे.

२०२१ चा जॉर्जियाचा बचाव सगळ्यांनी पाहिला. सामन्यामागे सरासरी १०.२ गुण दिले, राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं आणि २०२२ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत) त्या बचावातले पाच जण पहिल्याच फेरीत गेले. मधोमध उभा होता जॉर्डन डेव्हिस: उंची सहा फूट सहा इंच, वजन ३४० पौंड, म्हणजे दीडशे किलोच्या वर. असा माणूस मध्ये असला की समोरचे दोन ब्लॉकर त्याच्यावर खर्च होतात आणि मागचे लाइनबॅकर मोकळे धावतात. त्या रचनेचं सगळं गणित त्या एका जागेवर उभं असतं.

आता आमच्यासारख्या डिव्हिजन ३ च्या कॉलेजचा विचार करा. इथे खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. जो मुलगा फी भरून शिकायला आला आणि खेळायला तयार झाला, तो तुमचा. दीडशे किलोचा चपळ माणूस अशा वाटेने येत नाही.

आमच्या ओळखीच्या एका कॉलेजात नवा कोऑर्डिनेटर (बचाव आखणारा कोच) आला. हिवाळ्यातल्या कोचिंग शिबिरातून तो दोन गॅपच्या ३-४ ची जाडजूड वही घेऊन आला होता. त्याच्या मधल्या जागेवर २४५ पौंडांचा मुलगा होता, शाळेत कुस्ती केलेला. स्नॅपबरोबर (समोरच्या फळीतला मधला खेळाडू, सेंटर, बॉल मागे देतो त्या क्षणी) पहिली उडी त्याच्याइतकी झटकन टाकणारा त्या भागात क्वचितच कोणी असेल. त्याला सांगितलं गेलं, सेंटरच्या छातीवर हात रोव, जागचा हलू नकोस, दोन्ही बाजूंच्या गॅप सांभाळ. म्हणजे त्याच्याकडे जे होतं ते बांधून ठेवलं आणि जे नव्हतं ते मागितलं. पहिल्याच सामन्यात समोरच्यांनी सेंटर आणि त्याच्या शेजारचा गार्ड असे दोघे त्याच्यावर घातले, त्याला तीन यार्ड मागे रेटला आणि तोच मधला रन सामनाभर खेळला. लाइनबॅकरपर्यंत ब्लॉकर पोचत होते, आणि स्टँडमधले लोक लाइनबॅकरना दोष देत होते. पुढचे काही सामने असेच गेले. मुलाचा खांदा सुजलेला, चेहरा उतरलेला. फिल्म पाहताना मला त्या मुलाबद्दल फार वाईट वाटत असे.

उपाय साधा होता, आणि हंगामाच्या मध्यावर त्यांनी तो केला. तीन जणांची फळी तशीच ठेवली, पण दोन गॅपचं काम काढून घेतलं. स्नॅपबरोबर तिघांनी एकाच दिशेला तिरकं घुसायचं, प्रत्येकाने एकच गॅप धरायची आणि उरलेल्या गॅप लाइनबॅकरनी भरायच्या. तोच मुलगा आता सेंटरच्या खांद्याला वळसा घालून समोरच्यांच्या फळीमागे दिसू लागला. तीन माणसं पुढे ठेवली म्हणजे दोन गॅप आल्याच, असं मुळीच नाही. हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी ३-४ ला हात लावू नये.

माझी स्वतःची सवय अशी: रचनेचं नावही काढण्याआधी प्रत्येक मुलाच्या नावाचं एक कार्ड करतो. त्यावर त्याची जागा लिहीत नाही. फक्त एवढंच लिहितो: दोघांनी ब्लॉक केलं तरी हा जागा धरतो का? मागे कोणी नसताना रिसीव्हरबरोबर (पास झेलणाऱ्याबरोबर) एकटा धावू शकतो का? मोकळ्या मैदानात समोरासमोर टॅकल करतो का? बॉल हवेत असताना मान वळवून पाहतो का? उत्तरं गेल्या हंगामाच्या फिल्मवरून काढतो. उड्या आणि स्प्रिंटच्या आकड्यांवर जात नाही. कार्डं टेबलावर पसरली की आपण काय खेळू नये हे आधी कळतं. घाईची मंडळी नेमकं हे काम टाळतात, कारण त्यात कंटाळवाणे तास जातात आणि दाखवण्यासारखं काही हाती येत नाही.

चूक दुसरी: कोच बदलला म्हणून रचना बदलणे

एलएसयूचं (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीचं) २०२० चं उदाहरण कोचिंगमध्ये पडणाऱ्या प्रत्येकाने नीट अभ्यासावं. २०१९ ला ते १५-० असे अजिंक्य राहून विजेते झाले. बचाव डेव्ह अरँडा यांचा, ३-४ चा. मग अरँडा बेलरचे हेड कोच झाले आणि त्या टीममधले तब्बल १४ जण ड्राफ्टमध्ये गेले. अरँडांच्या जागी बो पेलिनी परत आले, आपली ४-३ घेऊन. ही रचना वाईट होती असं कोणी म्हणू नये. २००७ च्या हंगामात पेलिनींच्या त्याच बचावाने एलएसयूला विजेतेपद मिळवून दिलं होतं; पण तेव्हा मधोमध ग्लेन डॉर्सी होता. २०२० मध्ये उरलेली मुलं अरँडांच्या पद्धतीसाठी निवडलेली आणि घडवलेली होती. कोविडमुळे वसंतातला सराव अर्धवट बंद पडला. अवाढव्य टायलर शेल्व्हिनने हंगामाआधीच माघार घेतली. म्हणजे नवी भाषा शिकवायला वेळ नाही आणि ती बोलणारी माणसंही नाहीत.

२६ सप्टेंबर २०२० ला पहिला सामना मिसिसिपी स्टेटशी. समोर त्यांचे कोच माइक लीच यांचा एअर रेड, म्हणजे पासवर चालणारा हल्ला, ज्यात दोन रिसीव्हर लाइनबॅकरच्या पुढ्यातून एकमेकांना घासून आडवे पळतात आणि त्यांच्या मागे धावणारे बचावपटू एकमेकांत अडकतात. त्याच्यासमोर एलएसयूने बहुतेक वेळ मॅन कव्हरेज ठेवलं, म्हणजे प्रत्येकाने एकेका रिसीव्हरमागे धावायचं. त्यांचा सर्वोत्तम कॉर्नर डेरेक स्टिंगली आजारी असल्यामुळे त्या दिवशी मैदानात नव्हता, तरीही! मिसिसिपी स्टेटचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा) के. जे. कॉस्टेलो याने ६२३ यार्ड पासिंग केलं, एसईसीचा (साउथईस्टर्न कॉन्फरन्स, या टीमांचा स्पर्धा-गट) विक्रम. निकाल ४४-३४, एलएसयू हरलं. हंगाम संपताच पेलिनी गेले.

खरा धडा पुढच्या आठवड्यात आहे, आणि तो सांगायला लोक विसरतात. ३ ऑक्टोबरला आर्कान्सा त्याच मिसिसिपी स्टेटसमोर गेलं. या टीमने एसईसीत सलग २० सामने गमावले होते. गुणवत्तेत ती एलएसयूच्या जवळपासही नव्हती. त्यांचे कोऑर्डिनेटर बॅरी ओडम यांनी आपल्या मुलांकडे पाहिलं आणि रिसीव्हरच्या मागे पळण्याचा नादच सोडला. तिघांना पुढे पाठवलं, आठ जणांना मागे झोनमध्ये, म्हणजे आपापली जागा सांभाळत, पसरवलं. तोंड क्वार्टरबॅककडे, बॉल समोर पडू द्यायचा आणि सगळ्यांनी मिळून टॅकल करायचं. कॉस्टेलोचे तीन पास त्यांनी पकडले आणि सामना २१-१४ असा जिंकला. त्याच्या पुढच्या आठवड्यात केंटकीने मिसिसिपी स्टेटला २४-२ ने हरवलं. हलक्या मानलेल्या खेळाडूंनी जे केलं ते भारी खेळाडूंना जमलं नाही, कारण पहिल्यांकडून त्यांना जमेल तेवढंच मागितलं होतं.

नवा कोऑर्डिनेटर आला तर माझा आग्रह एकच असतो: पहिल्या वर्षी मुलांना येतात ते शब्द ठेवा. जुन्या हाकांची (बचावाचे डाव सांगणाऱ्या इशाऱ्यांची) नावं तीच राहू देत, तुम्ही शिका. एक माणूस नवी शब्दावली शिकला तर ते एका उन्हाळ्यात होतं. शंभर मुलांना शिकवायला गेलात तर हंगाम जातो.

याचाच दुसरा प्रकार म्हणजे कोऑर्डिनेटरवर रचना लादणे. मिशिगनचे तेव्हाचे हेड कोच रिच रॉड्रिग्ज त्याआधी वेस्ट व्हर्जिनियात असताना त्यांचा ३-३-५ जेफ कॅस्टील चालवत. कॅस्टील मिशिगनला आलेच नाहीत. पण रचना आली, आणि ती चालवायला मिळाले ग्रेग रॉबिन्सन, डेन्व्हर ब्रॉन्कोसबरोबर दोन सुपर बोल जिंकलेले, पण वेगळ्या मुशीतले कोच. २०१० मध्ये मिशिगनने सामन्यामागे ३५.२ गुण दिले. पुढच्या वर्षी ग्रेग मॅटिसन आले, चार जणांची फळी परत आली, आणि बऱ्याच अंशी त्याच मुलांनी १७.४ गुण दिले. शिकवणाऱ्याला जे आतून माहीत आहे तेच मुलांपर्यंत पोचतं.

एनएफएलची आकृती जशीच्या तशी उतरवणे

मैदान दोन्हीकडे १६० फूट रुंद. पण कॉलेजच्या मैदानात हॅशच्या (बॉल कुठे ठेवायचा ते दाखवणाऱ्या खुणांच्या) दोन रांगांमध्ये ४० फुटांचं अंतर असतं, एनएफएलमध्ये साडेअठरा. म्हणजे कॉलेजात बॉल हॅशवर असला की एका बाजूला ६० फूट आणि दुसऱ्या बाजूला १०० फूट मैदान उरतं. हा फरक न पाहता व्यावसायिक टीमची सारखी-सारखी दोन टोकं काढणारे फार आहेत. तुमचे दोन कॉर्नर सारखे नसतातच. मग डावा-उजवा असं वाटून का टाकता? वेगवान मुलगा मोकळ्या बाजूला ठेवा. अरुंद बाजूला साइडलाइनच त्याची मदतनीस असते, तिथे थोडा हळू पण टॅकलला पक्का मुलगा चालतो. बॉल हॅश बदलेल तशी त्यांनी जागा बदलायची. पहिल्या आठवड्यात गोंधळ होतो, नंतर सवय होते. कागदावरची कोणतीही नवी रचना आणण्यापेक्षा याने जास्त यार्ड वाचतात असं माझं ठाम मत आहे.

मुलाच्या नावापुढची जागा कायमची मानणे

शाळेत तो जे खेळला तेच इथे खेळेल हा हट्ट सोडा. जिमी जॉन्सन यांनी मायामीत सेफ्टींचे लाइनबॅकर केले, लाइनबॅकरचे डिफेन्सिव्ह एंड (पुढच्या फळीच्या टोकाचे लाइनमन) केले आणि सगळ्या फळीला वेग दिला. टीसीयूत (टेक्सस ख्रिश्चन युनिव्हर्सिटीत) गॅरी पॅटरसन यांच्या ४-२-५ मधला जेरी ह्यूज शाळेत रनिंग बॅक (बॉल घेऊन धावणारा) होता. २०१० मध्ये तो एंड म्हणून पहिल्या फेरीत निवडला गेला. आयोवा स्टेटचा जोएल लॅनिंग तर क्वार्टरबॅकचा मिडल लाइनबॅकर झाला, आणि ७ ऑक्टोबर २०१७ ला त्या टीमने तिसऱ्या क्रमांकाच्या ओक्लाहोमाला त्यांच्याच मैदानावर ३८-३१ ने हरवलं. मात्र जागा बदलायची ती वसंतात. सप्टेंबरमध्ये घाबरून केलेली अदलाबदल दोन जागा बिघडवते.

आणखी काही, थोडक्यात

तिसऱ्या लाइनबॅकरवर उन्हाळा घालवू नका. आजच्या कॉलेज खेळात तुमचा पाचवा मागचा खेळाडूच बहुतेक वेळ मैदानात असतो; त्याला आधी शोधा.

प्रत्येक परिस्थितीसाठी वेगळी अकरा माणसं आखू नका. समोरच्यांनी खेळाडू न बदलता घाई केली तर तुम्हाला बदलायला वेळच मिळणार नाही.

क्वार्टरबॅक स्वतः धावणारा असेल तर त्याला कोणी धरायचं हे एका मुलाच्या नावाने सांगा. ७ सप्टेंबर २०१३ ला बीवाययूने (ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीने) टेक्ससविरुद्ध ५५० यार्ड धावून काढले, त्यातले २५९ एकट्या क्वार्टरबॅक टेसम हिलचे. दुसऱ्याच दिवशी टेक्ससने कोऑर्डिनेटर बदलला.

ब्लिट्झवर (जास्तीची माणसं क्वार्टरबॅकवर सोडण्यावर) जगणारा बचाव चांगले कॉर्नर नसताना मांडू नका. याहून जास्त लिहिण्याची गरज नाही.

एका खेळाडूवर रचना टांगू नका. दुखापत तर आहेच, आणि २०१८ च्या ऑक्टोबरात ट्रान्स्फर पोर्टल सुरू झाल्यापासून (ज्यातून खेळाडू दुसऱ्या कॉलेजात जाण्यासाठी नाव नोंदवतात) चांगला मुलगा हंगाम संपल्यावर निघूनही जातो. गुरुवारी संध्याकाळी हाकांची यादी पक्की झाली की मी आमच्या सर्वोत्तम लाइनमनचं कार्ड बाजूला काढतो, त्याच्या जागी दुसऱ्या फळीतल्या मुलाचं ठेवतो आणि यादी पुन्हा वरून खाली वाचतो. ज्या हाका त्या मुलाला झेपणार नाहीत त्यांवर लाल खूण करतो. लाल खुणा निम्म्याहून जास्त झाल्या तर यादी शुक्रवारच्या सरावाआधी छोटी करायला सांगतो, आणि त्या मुलाला त्याच्या वाट्याच्या हाका रात्रीच पाठवून देतो.