शास्त्रीय संगीताच्या फाइली: नावं कशी द्यायची, कशा लावायच्या

कॅसेटवरून उतरवलेलं, सीडीवरून घेतलेलं, कोणी पेनड्राइव्हवर दिलेलं असं सगळं एका हार्डडिस्कवर साठलं की 'ट्रॅक ०१' नावाच्या ढीगभर फाइली दिसतात आणि हवा तो मारवा राग काही केल्या सापडत नाही. माझं सगळं लावायला बरेच महिने गेले, त्यातलं जे टिकलं तेवढंच सांगतो.

पहिलं म्हणजे रागाप्रमाणे फोल्डर करू नका. मोह होतो, कारण आपण शोधतो रागावरूनच, पण अमीर खाँसाहेबांची ती एलपी घ्या, एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी, ती ठेवणार कुठे? आणि मैफल तर अख्खी एकत्रच हवी, शेवटच्या भैरवीसकट. म्हणून फोल्डर कलाकाराचं, त्याच्या आत मैफलीचं किंवा अल्बमचं, आणि राग फाइलच्या नावात आणि टॅगमध्ये, म्हणजे फाइलच्या आतच साठवलेल्या माहितीत.

कलाकाराच्या नावाआधी पं., पंडित, उस्ताद काही लावू नका, आदर मनात असतोच, पण त्यामुळे भीमसेन जोशी तीन ठिकाणी विखुरतात. मैफलीच्या फोल्डरला आधी तारीख, तीही वर्ष-महिना-दिवस अशी, मग ठिकाण. एकाच गायकाचा यमन पाच-सहा वेळा असतो ना, कुठला कधीचा ते यावरूनच कळतं. फाइलला '०१ यमन - विलंबित एकताल - बंदिशीचा मुखडा' असं नाव, आणि सुरुवातीचं शून्य विसरू नका, नाहीतर बऱ्याच प्लेअरमध्ये १० नंबर २ च्या आधी वाजतो.

आता खरी डोकेदुखी, रागांची स्पेलिंगं. मालकंस की मालकौंस, बिहाग की बेहाग, भूप की भूपाली, आणि रोमनमध्ये लिहिलं तर आणखीच गोंधळ. एक साधी यादी करा, प्रत्येक रागाचं एकच रूप ठरवा, दर वेळी यादीत बघूनच लिहा. नुसतं तोडी लिहिलं की बहुतेक लोक मियाँ की तोडीच समजतात, त्यामुळे गुर्जरी तोडी असेल तर ते पूर्ण लिहाच. आणि राग नक्की माहीत नसेल तर अंदाजाने लिहू नका प्लीज, भूप आणि देसकारचे सूर तेच, फरक चलनात, म्हणजे ते सूर कसे घेत जायचे त्यात, एकदा चुकीचं नाव पडलं की पुढे दहा जणांकडे तेच जातं. तिथे 'राग अनिश्चित' लिहा. प्रश्नचिन्ह टाकायला जाऊ नका, विंडोज फाइलच्या नावात ते घेतच नाही.

टॅगसाठी एमपी३टॅग नावाचं सॉफ्टवेअर बघा, टॅगवरून फाइलींची नावं एका झटक्यात बदलून देतं. फ्लॅक (आवाजाची प्रत न घटवता साठवणारा प्रकार) फाइलीत स्वतःचं फील्ड, म्हणजे माहितीचा रकाना, बनवता येतं, फक्त त्याचं नाव रोमन अक्षरांत द्या, मी 'RAAG', 'TAAL', 'TABLA', 'HARMONIUM' अशी ठेवलीयत. साथीदारांची नावं जरूर टाका, ती सगळ्यात आधी हरवतात! जॉनर म्हणजे संगीतप्रकाराच्या रकान्यात नुसतं 'क्लासिकल' लिहून काही उपयोग नाही, ख्याल, ध्रुपद, ठुमरी असं लिहा. कॅसेटच्या कव्हरवरची माहिती कॉमेंटमध्ये जशीच्या तशी उतरवा, ती चुकीची वाटली तरी.

आणि काहीही बदलायच्या आधी अख्ख्या साठ्याची कॉपी दुसऱ्या डिस्कवर घ्या. मग एकाच कलाकाराच्या वीसेक फाइलींवर करून बघा, फोनवर टाकून रागाचं नाव शोधा, नीट सापडलं तर बाकीच्यांना हात लावा.