टप्पा किती हलतो? हाताला बसणारं वळण मोजताना

सरावाने हाताला वळण बसतंय का, हे मोजायला अंडरआर्म चेंडू टाकून खुणेवर टप्पा पाडायचा, एवढंच काम घ्या. सहा मीटरवर खडूने आडवी रेघ मारा. टेनिसचा चेंडू वरवर ओला करा, म्हणजे कोरड्या फरशीवर ठसा उमटतो. चिंब भिजवू नका, वजन बदलतं. उन्हात ठसा बघता बघता वाळतो, म्हणून प्रत्येक फेकीनंतर लगेच त्याभोवती गोल करून क्रमांक घाला.

रोज २० फेकी. टप्पा रेघेच्या पलीकडे पडला तर अधिक, अलीकडे पडला तर उणे. अंतर सेंटिमीटरमध्ये लिहा.

आता सरासरी काढा, पण तिच्यावर विसंबू नका. समजा, एकाचे टप्पे +२५, +५, +२५, +५, +१५ आणि दुसऱ्याचे +३०, −३०, +३०, −३०, ०. सरासरी १५ आणि ०. म्हणजे दुसरा सरस? छे! प्रत्येक आकड्यातून सरासरी वजा करा, उत्तरांचे वर्ग करा, त्यांच्या बेरजेला फेकींपेक्षा एकने कमी संख्येने भागा आणि वर्गमूळ काढा. हे प्रमाण विचलन, म्हणजे टप्पे सरासरीभोवती किती विखुरले याचं माप: पहिल्याचं १०, दुसऱ्याचं ३०. पहिल्याचा हात बसलाय, फक्त अंदाज थोडा लांब जातोय.

आकडे क्रमानेही बघा. टप्पा एकाच दिशेने सरकत गेला असेल तर विचलन उगाच फुगतं. अशा वेळी पाच-पाच फेकींचे गट करून मोजा.

हे झालं निकालाचं. अंगाची हालचाल टिपायला मोबाईल तिपाईवर, बाजूने, काटकोनात लावा. सेकंदाला ३० चौकटी (फ्रेम) कमी पडतात: हात सेकंदाला ५ मीटर वेगाने फिरत असेल तर दोन चौकटींमध्ये १७ सेंटिमीटर निघून जातो. २४० चौकटींचा स्लो मोशन असेल तर हेच अंतर दोन सेंटिमीटरवर येतं. चेंडू सुटतानाची चौकट थांबवून कोपराचा कोन मोजा (कायनोव्हिया हे मोफत सॉफ्टवेअर चालतं) आणि त्याचंही विचलन काढा.

टप्पे एकवटले तरी कोपराचा कोन बदलतच राहिला, तर ‘सवय चुकीची’ असा शिक्का मारू नका. १९२०च्या दशकात मॉस्कोत हालचालींचे अभ्यासक निकोलाय बर्नस्टाइन यांनी छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कुशल कामगारांच्या हालचाली टिपल्या. हातोड्याचं टोक जवळपास त्याच वाटेने जाई, सांधे मात्र दर घावाला वेगळे. खांद्याची चूक कोपर-मनगट सावरून घेत होतं.

शेवटची मोजणी दुसऱ्या दिवशी, सराव न करता, पहिल्याच दहा फेकींची. कालच्या शेवटच्या दहांशेजारी तिचं विचलन लिहा, म्हणजे वळण टिकलं का ते दिसेल.